मुलगी डीओ व्हायचं म्हणतेय. हे कमी प्रतीचं डॉक्टर होणं आहे का?

न्यू जर्सीत वीसेक वर्षांपासून राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. तिची मुलगी तिकडेच जन्मलेली, बावीस वर्षांची. मे महिन्यात जीवशास्त्राची पदवी झाली. जीपीए, म्हणजे पदवीची गुणसरासरी, ३.५८, मेडिकल प्रवेशाच्या एमकॅट परीक्षेत ५०४. सध्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टरांसोबत राहून रुग्णांच्या नोंदी लिहिण्याचं, म्हणजे स्क्राइबचं काम करते. तिथल्या फॅमिली डॉक्टर डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, आहेत. त्यांचं काम जवळून पाहिल्यावर मुलीनं ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूललाच अर्ज करायचं ठरवलं आहे. वडिलांना ते पटत नाही. अमेरिकेत डॉक्टर होण्याची जास्त ओळखीची पदवी एमडी. ‘एमडीच हवं, इथं नाही मिळालं तर कॅरिबियनला जाऊन का होईना, पण नावापुढे एमडी लागू दे,’ असं त्यांचं म्हणणं. पुण्यात प्रॅक्टिस करणारी आत्या फोनवर म्हणाली, ‘म्हणजे हाडवैद्यच की! त्यासाठी एवढे डॉलर?’ आईला आणखी एक काळजी आहे : उद्या लग्न जमवताना डीओ म्हणजे काय, हे किती जणांना समजावत बसायचं? पत्राच्या शेवटी त्या विचारतात, ‘मुलीवर विश्वास आहे. पण घाईघाईत ती कमी प्रतीचं काही पदरात पाडून घेतेय का? वर्षभर थांबून पुन्हा एमकॅट दे, असं सांगू का?’

ताई, नमस्कार.

आधी तुमच्या काळजीचं सरळ उत्तर देते. अमेरिकेत डीओ हा पूर्ण डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत त्याला औषधं लिहिण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा, कुठल्याही शाखेत तज्ज्ञ होण्याचा तोच अधिकार आहे, जो एमडीला आहे. चार वर्षांचं मेडिकल स्कूल, त्यानंतर शाखेप्रमाणे तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घ्यायचं प्रशिक्षण. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी व्यवस्थाही एकच झाली. त्याआधी डीओंसाठी वेगळ्या जागा असत, वेगळी मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची प्रक्रिया, असे. आता एकाच रुग्णालयात, एकाच तुकडीत दोघं शेजारी उभे राहून शिकतात. आज अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक विद्यार्थी ऑस्टिओपॅथिक स्कूलमध्ये आहेत. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना २०२० मध्ये कोविड झाला, तेव्हा व्हाइट हाउसचे डॉक्टर म्हणून पत्रकारांसमोर येणारे शॉन कॉनली डीओ होते. बायडेन यांचे डॉक्टर केविन ओकॉनर हेही डीओच. हे नणंदबाईंना जरूर सांगा, वाद म्हणून नाही, माहिती म्हणून.

पण मला वाटतं, तुमच्या मनातली भीती अमेरिकेतली नाहीच. ती आपण इकडून बरोबर नेलेली आहे. महाराष्ट्रात बारावी झालेल्या प्रत्येक घराला ती उतरंड पाठ असते : आधी एमबीबीएस, ते हुकलं तर बीडीएस, मग बीएएमएस, मग बीएचएमएस. मार्क खाली घसरले की पदवीचं नाव बदलतं आणि नाव बदललं की उपचारपद्धतीच बदलते, अधिकार बदलतात, शेजाऱ्यांचा सूरही बदलतो. त्यामुळे ‘एमडी नाही, दुसरं काहीतरी’ एवढं ऐकल्याबरोबर आपण त्या दुसऱ्या पदवीला आपोआप खालच्या पायरीवर बसवतो. त्यात ‘पॅथी’ कानावर पडलं की होमिओपॅथी आठवते. अमेरिकेतली रचना अशी नाही. तिथं एमडी आणि डीओ एकच वैद्यकशास्त्र शिकतात : तीच शरीररचना, तेच औषधशास्त्र, तीच रुग्णालयं. डीओंना त्याशिवाय स्नायू, सांधे, मणका यांची हातानं तपासणी आणि उपचार करण्याचं साधारण दोनशे तासांचं जास्तीचं शिक्षण मिळतं.

नणंदबाईंचा गैरसमज मात्र अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ असतात, त्यांची कायद्यानं नोंदणी होते, पण ते हातानं उपचार करणारे असतात, वैद्यकीय डॉक्टर नसतात. ऑस्ट्रेलियातही तसंच. भारतात जे ऑस्टिओपॅथ म्हणून पाटी लावतात, तेही बहुधा याच प्रकारचे. अमेरिकेतला डीओ हा त्यांच्याहून पूर्ण वेगळा व्यावसायिक आहे. मुळाचा माणूस मात्र एकच. अँड्र्यू टेलर स्टिल हा मिसूरी-कॅन्ससकडचा डॉक्टर. १८६४ मध्ये मेनिंजायटिसनं त्याची तीन मुलं गेली आणि त्या काळच्या पारा घातलेल्या, रक्त काढणाऱ्या उपचारांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यानं आपला विचार मांडला, १८९२ मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं कॉलेज काढलं आणि पहिल्याच तुकडीत मुलींनाही घेतलं. पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांनी हळूहळू संपूर्ण आधुनिक वैद्यक आपल्या अभ्यासक्रमात आणलं, बाहेरच्या देशांत तसं झालं नाही. हा दर्जा त्यांना सहज मिळालेला नाही. अमेरिकी सैन्यानं डीओंना वैद्यकीय अधिकारी म्हणून घ्यायला १९६६ साल उजाडलं. कॅलिफोर्नियात तर १९६२ मध्ये डीओंना पासष्ट डॉलर भरून एमडी होण्याची मुभा देऊन ही पदवीच बंद करायला निघाले होते. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं डीओंना पुन्हा परवाने द्यायला लावले. म्हणजे तुमच्या घरात आज जो प्रश्न उठलाय, तो अमेरिकेनं शंभर वर्षं भांडून सोडवला आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण नुसती भलामण करून तुमचं काम होणार नाही.

पहिली गोष्ट त्या हातांच्या उपचारांची. कंबरदुखीसारख्या त्रासात त्यांचा काही प्रमाणात उपयोग होतो, असं अभ्यास दाखवतात. कवटीच्या हाडांना हलका स्पर्श करून आजार बरे करण्याचे जे दावे होतात, त्यांना पुरावा फार कच्चा आहे आणि तेही काही ठिकाणी शिकवलं जातं. पुष्कळ डीओ प्रॅक्टिसमध्ये हे तंत्र फारसं वापरतही नाहीत. मुलीला विचारा, तिला यातलं काय भावलं? त्या डॉक्टरबाई रुग्णाला कसा वेळ देतात हे भावलं असेल, तर तो गुण चांगल्या एमडीतही असतो, हे तिनं लक्षात घ्यावं. आणि हातानं तपासून निदान करण्याचं कसब तिला खरोखरच शिकायचं असेल, तर तिनं योग्य दार निवडलं आहे. दोन्ही उत्तरं चालतील, पण तिचं कोणतं, हे तिला माहीत हवं.

दुसरी गोष्ट शाखांची. निम्म्याहून अधिक डीओ फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग अशा प्राथमिक उपचारांच्या शाखांत जातात. ॲनेस्थेशिया, इमर्जन्सी, सायकिॲट्री, रेडिओलॉजी इथंही ते भरपूर दिसतात. पण त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी, न्यूरोसर्जरी, कान-नाक-घसा या शाखांच्या जागा मुळातच मोजक्या, आणि तिथं डीओंचा वाटा आजही कमी आहे. याचं एक कारण जुना पूर्वग्रह. दुसरं असं की पुष्कळ ऑस्टिओपॅथिक स्कूल्सचं स्वतःचं मोठं रुग्णालय नसतं, संशोधन कमी असतं, आणि या शाखांना संशोधन लागतं. शिवाय डीओंची परवान्याची परीक्षा वेगळी, कॉमलेक्स. स्पर्धेच्या शाखेकडे जायचं असेल तर बरेच जण त्यासोबत एमडींची यूएसएमएलईसुद्धा देतात. दोन-दोन परीक्षांचा अभ्यास, दोन-दोन फिया. मुलीला न्यूरोसर्जन व्हायचंच असेल, तर माझा सल्ला बदलेल. तिला फॅमिली डॉक्टर व्हायचं असेल, तर हा अडसर तिच्या वाटेत येणारच नाही. तुमच्या पत्रात तिला कोणत्या शाखेची ओढ आहे, हे कुठंच नाही. विचारलंयत का तिला?

आता तुमच्या यजमानांबद्दल. त्यांची तळमळ मला कळते. इतकी वर्षं परदेशात राबल्यावर मुलीच्या नावापुढे जगाला ओळखीची अक्षरं लागावीत, असं कोणत्या बापाला वाटणार नाही? पण ‘डीओपेक्षा कॅरिबियन एमडी बरं’ हा हिशेब चुकीचा आहे आणि तो महागात पडतो. २०२४ च्या मॅचचे आकडे पाहा. अमेरिकेतल्या एमडी स्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांपैकी ९३.५ टक्क्यांना रेसिडेन्सी मिळाली, डीओ स्कूलच्या मुलांपैकी ९२.३ टक्क्यांना. आणि जे अमेरिकन नागरिक परदेशी मेडिकल स्कूलमधून शिकून आले, ज्यात कॅरिबियनची मुलं मोठ्या संख्येनं असतात, त्यांच्यापैकी फक्त ६७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तिघांतला एक जण चार वर्षं शिकून, कर्ज डोक्यावर घेऊन, त्या वर्षी रेसिडेन्सीविना राहिला. आणि ही तर मॅचपर्यंत पोचलेल्यांची गोष्ट. कॅरिबियनच्या काही कॉलेजांत प्रवेश सोपा असतो, पण मधेच गळणाऱ्यांची संख्या मोठी असते, ती मुलं या आकड्यात दिसतच नाहीत. रेसिडेन्सी नाही तर परवाना नाही, मग नावापुढचं एमडी घेऊन करायचं काय? तिथून शिकून उत्तम डॉक्टर झालेले लोक आहेत, नाही असं नाही. पण अमेरिकेत डीओची जागा मिळण्यासारखी असताना फक्त अक्षरांसाठी तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतात येऊन एमबीबीएस करण्याचा पर्यायही काही घरांत निघतो. त्यासाठी नीट द्यावी लागते, आणि परत जाताना ती मुलगी अमेरिकेच्या दृष्टीनं परदेशी पदवीधरच ठरते. जिला आयुष्य तिकडेच काढायचं आहे, तिच्यासाठी हा लांबचा वळसा आहे.

आता थांबावं का, या प्रश्नाकडे येते. ५०४ हा गुण वाईट नाही. एमकॅट ४७२ ते ५२८ या पट्टीवर असते, मधला बिंदू ५००. एमडी स्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२ च्या घरात असते, डीओ स्कूलमध्ये ५०४ च्या जवळपास. जीपीएत एमडीकडे ३.७५ च्या वर, डीओकडे ३.६ च्या आसपास. म्हणजे तुमची मुलगी डीओच्या रांगेत अगदी मधोमध उभी आहे आणि एमडीच्या रांगेत मागे. पुन्हा परीक्षा द्यावी का, हे ठरवायला तिला एकच प्रश्न विचारा : परीक्षेआधीच्या पूर्ण लांबीच्या सराव चाचण्यांत, विशेषतः परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच अधिकृत चाचण्यांत, किती येत होते? तिथं ५१० येत असतील आणि त्या दिवशी तब्येतीनं किंवा ताणानं घात केला असेल, तर पुन्हा देण्यात अर्थ आहे. सरावातही ५०३-५०५ च येत असतील, तर तीच पुस्तकं आणखी चार महिने वाचून सात गुण वाढत नाहीत. त्यासाठी अभ्यासाची पद्धतच बदलावी लागते, उताऱ्यांचा रोजचा सराव करावा लागतो, चुकांची वही ठेवावी लागते. आणि पुन्हा देऊन गुण कमी झाले, तर तेही कॉलेजांना दिसतात. ‘अजून एकदा देऊन बघ’ हे आपण फार सहज म्हणतो, पण ती साडेसात तासांची परीक्षा आहे.

वर्षभर थांबणं ही नामुष्की आहे असं मात्र मानू नका. आज अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जण पदवीनंतर एखादं वर्ष मधे घेऊनच जातात. प्रश्न एवढाच की त्या वर्षात काय करायचं. तुमची मुलगी रुग्णांच्या सान्निध्यात काम करतेच आहे, ते वर्ष आपोआप कारणी लागलेलं आहे. आणि ‘आत्ता डीओ की थांबून एमडी’ अशी ही निवड मुळात नाही. एकाच हंगामात दोन्हीकडे अर्ज करता येतात, फक्त अर्जाच्या व्यवस्था वेगळ्या आहेत : एमडीसाठी अ‍ॅमकास, डीओसाठी अ‍ॅकोमास. तिला मनापासून डीओच हवं असेल तर तिकडेच लक्ष द्यावं. मनात एमडीची इच्छा दबलेली असेल आणि घरच्या वादाला कंटाळून ती ‘डीओच’ म्हणत असेल, तर दोन्हीकडे अर्ज करावा. नाहीतर ती खंत पुढे दहा वर्षं सोबत राहते.

पैशांचं बोलू, कारण इथं यंदा मोठा बदल झाला आहे. खासगी ऑस्टिओपॅथिक स्कूलची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं वेगळं. आजवर सरकारी ग्रॅड प्लस कर्जातून हा सगळा खर्च भागायचा. २०२५ च्या कायद्यानं ते कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केलं. आता व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच मिळतं. वरचा खड्डा खासगी कर्जानं किंवा घरच्या पैशानं भरावा लागेल. त्यामुळे आता कॉलेज निवडताना ‘एमडी की डीओ’ याहून ‘सरकारी की खासगी’ हा प्रश्न तुमच्या घरासाठी जास्त मोलाचा आहे. न्यू जर्सीत राहण्याचा फायदा इथं होतो : स्ट्रॅटफर्डचं रोवन-व्हर्च्युआ हे राज्याच्या विद्यापीठाचं ऑस्टिओपॅथिक स्कूल आहे, राज्यातल्या रहिवाशांना तिथं फी कमी पडते. ते तिच्या यादीत सगळ्यात वर हवं. घरापासून फार लांब न जाता फिलाडेल्फियाचं पीकॉम, लाँग आयलंडचं न्यूयॉर्क टेक, न्यूयॉर्कमधलं टूरो हेही पर्याय आहेत. ज्या भागांत डॉक्टर कमी आहेत तिथं काही वर्षं काम करण्याच्या बोलीवर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर शिष्यवृत्ती देतं, सैन्यदलांचीही शिष्यवृत्ती असते. दोन्ही डीओंना खुल्या आहेत.

यादीत नाव घालण्याआधी प्रत्येक कॉलेजबद्दल काही गोष्टी तिनं स्वतः खणून काढाव्यात. पहिल्या प्रयत्नात कॉमलेक्स किती जण उत्तीर्ण होतात, किती जण मधेच सोडतात, किती जणांना रेसिडेन्सी मिळाली. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं : तिसऱ्या-चौथ्या वर्षी रुग्णालयातलं शिक्षण नेमकं कुठं होतं. काही कॉलेजांची मुलं दर दीड-दोन महिन्यांनी बॅगा भरून वेगवेगळ्या गावांत जातात, घरभाडं दोन ठिकाणी भरतात. हे प्रवेश घेतल्यावर कळून उपयोग नाही. गेल्या काही वर्षांत नवीन कॉलेजं भराभर निघाली आहेत, काही नफ्यासाठी चालणारीही आहेत. ज्यांची पहिली तुकडीच अजून बाहेर पडलेली नाही, त्यांचे निकाल तपासायला काहीच हाती नसतं. तिथं जरा जपून. प्रवेश मिळाल्यावर जागा धरून ठेवायला जी रक्कम भरावी लागते ती बहुधा परत मिळत नाही, तेही आधी वाचून घ्या.

अशाच अडचणीतल्या दुसऱ्या वाचकांसाठी दोन ओळी. तुमचं मूल एच-४ व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असेल, तर एकविसाव्या वर्षी तो आधार संपतो, विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं आणि सरकारी कर्ज मिळत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेणारी कॉलेजंही मोजकी. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कॉलेजला आधी ईमेल करून विचारा, मगच अर्जाची फी भरा. आणि पुढे भारतात येऊन प्रॅक्टिस करण्याचा विचार असेल, तर डीओ पदवीबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाकडून लेखी उत्तर घ्या, नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबू नका.

लग्नाचं मी मुद्दाम शेवटी घेतलं. ताई, जो मुलगा किंवा जे घर पदवीच्या दोन अक्षरांवर अडेल, त्याला तुमच्या मुलीच्या रात्रपाळ्या, तिचं कर्ज, तिची रेसिडेन्सी ज्या गावी लागेल ते गाव, हे सगळं झेपणार आहे का? तो अडला तर लवकर कळलं, एवढंच. समजावून सांगायची वेळ आलीच तर ‘ती डॉक्टर आहे’ हे वाक्य पूर्ण आहे आणि खरं आहे. मला जास्त काळजी वाटते ती मुलीच्या कानावर सध्या काय पडतंय याची. वडील म्हणतात कॅरिबियनला जा, आत्या हाडवैद्य म्हणते, आईच्या मनात ‘थांब’ आहे. बावीस वर्षांच्या मुलीनं एक माणूस काम करताना पाहिला आणि ‘मला असं व्हायचंय’ असं तिला वाटलं. करिअर निवडण्याची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

म्हणून तिला ‘थांब’ किंवा ‘जा’ सांगण्याआधी एकदा तुम्ही दोघांनी त्या डॉक्टरबाईंना भेटता येईल का, हे मुलीला विचारा. तिला अवघडल्यासारखं वाटत असेल तर आग्रह नको. भेट झाली तर त्यांना विचारा : दिवस कसा जातो, कर्ज किती वर्षांत फिटलं, हातांचे उपचार किती वापरता, पुन्हा निवडायची वेळ आली तर काय निवडाल. तुमच्या यजमानांना माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा त्या अर्ध्या तासाचा जास्त उपयोग होईल.

आणि कामाचं एक. अ‍ॅकोमासचा अर्ज मे महिन्याच्या सुरुवातीला उघडतो आणि जागा आलेल्या अर्जांच्या क्रमानं भरत जातात, त्यामुळे जूनमधला अर्ज आणि नोव्हेंबरमधला अर्ज यांत फार फरक पडतो. बऱ्याच कॉलेजांना डीओ डॉक्टरांचं शिफारसपत्र हवं असतं, ते मुलीनं त्या डॉक्टरबाईंकडे आत्ताच मागून ठेवावं. विज्ञानाच्या प्राध्यापकांची पत्रंही, ते तिला विसरण्याआधी. ‘तुम्हाला डीओच का व्हायचंय?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येणार. त्याचं उत्तर तिनं क्लिनिकमध्ये पाहिलेल्या एखाद्या प्रसंगावरून, स्वतःच्या शब्दांत लिहून काढावं, आणि पहिला मसुदा घरात कुणालाही दाखवू नये. तुम्हालासुद्धा नाही.